नोंदीत नसलेलं

देवगडच्या कोर्टात पंखा जोरात फिरतो.
कागद उडू नयेत म्हणून
मी त्यांच्यावर एक शिंपला ठेवते.
टेबलावर एवढंच माझं,
बाकी सगळं दुसऱ्यांनी बोललेलं.
एकोणीस वर्षं झाली टाइप करत्येय.

त्या दिवशी फोन होता समोर,
पिशवीत, लाखेचं सील लावलेला,
काचेला कोपऱ्यात तडा.
आरोपी शेवंती बाबली कुबल, वय बावन्न,
धंदा कालवं काढणे.
आरोप, सरकारी कामात अडथळा.
खाडीच्या मुखावर मोजणीला ड्रोन आला,
हिने त्याच्यावर फोन रोखला.
तो हिला टिपत होता, ही त्याला.
गुन्हा एकाच बाजूचा नोंदला गेला.

सरकारी वकील नाडकर्णी सावकाश बोलतात,
बोटांना बरं पडतं.
म्हणाले, अंगठा म्हणजे शरीर.
रक्त तसं, केस तसा.
शरीर साक्ष देत नाही, ते नुसतं असतं.
हाताचं हलणं म्हणजे बोलणं नव्हे.

हिच्या बाजूने फरझाना सोलकर,
कणकवलीहून पहिल्या एसटीने आलेली,
काळ्या कोटाच्या बाहीवर चटणीचा डाग.
कलम वीस, उपकलम तीन, म्हणाली,
आणि मग पुस्तक मिटून,
दार उघडतं ते गप्प कसं म्हणायचं?
त्या दारामागे हिचा मुलगा आहे,
ट्रॉलरवरून पाठवलेला त्याचा आवाज,
हिच्या गाठीचा रिपोर्ट,
कुणाकडून किती येणं ते,
रात्री बहिणीशी काय बोलली ते.
घराची झडती घ्यायची तरी पंच लागतात, सर.

साहेबांनी चष्मा पुसला. पुसतच राहिले.
मग माझ्याकडे वळून, घ्या,
आरोपीने अंगठा द्यावा.
पॅटर्नचं पुढच्या तारखेला बघू,
ते डोक्यात असतं.

सील तुटलं. फोन चालू व्हायला वेळ लागला.
शेवंतीने अंगठा टेकवला.
फोन थरथरला, नाही म्हणाला.
पदराला पुसून टेकवला. नाही.
हवालदाराच्या रुमालाला पुसून.
नाही.
पाचव्या खेपेला काचेवर अक्षरं आली,
खूप प्रयत्न झाले, थोड्या वेळाने या.

तिने अंगठा उताणा करून साहेबांपुढे धरला.
कोयतीने, कालवांच्या धारेने, खाऱ्या पाण्याने
रेघ न रेघ नेलेली.
"साहेबांनू, ह्यो आंगठो माजो न्हय म्हणान
रेशनवाल्यान सात म्हयने तांदूळ दिल्यान नाय.
आता तुमी म्हणतास तुजोच, लाव.
मगे त्या सात म्हयन्यात
माज्या घरात जेवत होता कोण?"

कुणी हसलं नाही.
नाडकर्णींनी फाइलीचं एक पान उलटलं,
मग तेच परत.
साहेब म्हणाले, हे घेऊ नका.
मी घेतलं होतं.
बॅकस्पेस दाबून धरली,
तांदूळपर्यंत गेले, मग आंगठोपर्यंत,
मग साहेबांनू.

तारीख पडली, अठ्ठावीस.
सगळे डायऱ्यांत खुपसलेले,
ती पिंजऱ्यात तशीच उभी
आणि तिचं बोट कठड्याच्या लाकडावर फिरत होतं.
खाली, तिरकं वर,
वळून मधल्यातून पुन्हा खाली,
जाळं शिवताना सुई जाते तसं.
परत तेच. परत तेच.
तिचं तिला भान नव्हतं.
मला नऊ ठिपके दिसायला लागले.

तिने मान वर केली.
मी बघितलं हे तिने बघितलं.
बोट थांबलं.

माझं काम बोललेलं उतरवून घेणं.
हाताचं हलणं म्हणजे बोलणं नव्हे,
पान चार, ओळ अकरा,
मीच टाइप केलंय.